अज्ञान पालन कर्ती

नगरहून पाथर्डीच्या एसटीत बसलं की भिंगार मागे पडतं आणि थोड्या वेळाने डोंगरमाथ्यावर तो दिसायला लागतो. अष्टकोनी, तीन मजली, कमानींमधून आरपार आभाळ दाखवणारा. आमच्याकडे सगळे त्याला चांदबिबीचा महाल म्हणतात. आजी कायम खिडकीशी बसायची. महाल दिसला की डोक्यावरचा पदर नीट करायची आणि हात जोडायची. देवळापुढे जोडतात तसे नाही. वाटेत कुणी मोठी बाई भेटली आणि थांबायला वेळ नसला, की चालता चालता जोडतात ना, तसे.

मी एकदा विचारलं, "आजी, ही काय देवी आहे का?"

"देवी कशाची. बाईच व्हती. पोराचं राज्य राखलं तिनं. सोताचं नव्हं, पोराचं."

आठवीत असताना शाळेची सहल तिथे गेली आणि सरांनी सांगितलं की हा महाल चांदबिबीचा नाहीच. हा सलाबतखानाचा मकबरा. सलाबतखान म्हणजे मुर्तझा निजामशाहाचा वजीर, आणि इमारत १५८० च्या सुमाराची. घरी येऊन मी हे आजीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "आसंल दिवानाचा. पर लोकं नाव कुनाचं घेत्यात?" आणि पुढच्या खेपेला एसटीत पुन्हा पदर नीट करून हात जोडले.

मला पुढची कितीतरी वर्षं चांदबिबी तेवढीच माहीत होती. चेहऱ्यावर बुरखा, हातात नंगी तलवार, किल्ल्याच्या तटाला पडलेलं खिंडार. पुस्तकातलं एक चित्र. ती कुणाची मुलगी, तिची आई कोण, असं कधी मनातही आलं नाही. आई कळली ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही एका डागामुळे.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात एक फारसी पोथी आहे, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. आफताबी नावाच्या कवीने नगरच्या हुसेन निजामशाहाच्या स्तुतीसाठी रचलेलं हे काव्य. दख्खनच्या चित्रकलेतली अगदी सुरुवातीची चित्रं या पोथीत आहेत. मुळात चौदा होती, आज बारा उरली आहेत. मी त्यांच्या छापील प्रतिकृती पाहिल्या, एका दुपारी, ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर. सोनेरी पार्श्वभूमी, खूप वर चढवलेली क्षितिजरेषा, चोळ्या घातलेल्या बायका आणि त्यांच्या पाठीवर लांब वेण्या. वेण्यांच्या टोकाला गोंडे. त्या गोंड्यांकडे मी बराच वेळ बघत बसले होते, कारण आजीच्या पेटीत तिच्या लग्नातले तसलेच काळे गोंडे होते.

मग लक्षात आलं की राजा जिथे सिंहासनावर बसला आहे, तिथे त्याच्या शेजारची जागा बिघडलेली आहे. आधी वाटलं, छपाईची चूक. पान उलटलं, पुन्हा तेच. रंगाचा एक ओबडधोबड थर आणि त्याचा आकार माणसाचा. दासी तिच्याकडे वळून उभ्या आहेत, राजा तिच्याकडे झुकला आहे, आणि ती स्वतः तेवढी नाही. ज्या कवीने राजाइतकीच राणीची स्तुती केली, त्याच्या पोथीतल्या बहुतेक चित्रांमधून ती राणी पुसून, वर रंग फासून झाकलेली आहे.

तिचं नाव खुंजा हुमायूं. हुसेन निजामशाहाची बायको, चांदबिबीची आई. निजामशाही तिने काही वर्षं स्वतः चालवली.

एका चित्रात एक स्त्री झाडाला हात लावते आहे आणि झाड बहरून आलं आहे. संस्कृत कवींचा हा लाडका संकेत. तरुण स्त्रीचा स्पर्श झाला की अशोक फुलतो, याला ते दोहद म्हणतात. आपल्या मराठीतले डोहाळे तिथूनच आले. नगरच्या सुलतानाची स्तुती करणाऱ्या फारसी पोथीत डोहाळे सापडले, याचं मला त्या दुपारी इतकं अप्रूप वाटलं की शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीला मी ते पान दाखवलं. तीही बघत राहिली. मग तिनेच विचारलं, "आणि बाकीच्यांत हा डाग कसला?"

तर तो डाग कसला, ते सांगते.

२३ जानेवारी १५६५ ला तालिकोटची लढाई झाली, आपण जिला राक्षसतागडीची म्हणतो ती. दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा रामराय मारला. हुसेन निजामशाह त्या विजयातला एक मोठा मानकरी. पण परत आल्यावर काही महिन्यांतच, त्याच वर्षी, तो वारला. मागे मुर्तझा हा मुलगा, अजून कारभार पेलण्याच्या वयाचा नाही. गादीवर मुर्तझा बसला आणि कारभार खुंजा हुमायूंने हातात घेतला. पडद्यामागे बसून रोज दरबाराची कामं ऐकायची आणि निकाल द्यायचे. पाठ्यपुस्तकात याला राजप्रतिनिधी म्हणतात. गावाकडच्या भाषेत सोपं आहे, शिक्का पोराचा आणि कारभार आईचा.

तिच्या कारभाराबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः फिरिश्त्याकडून. हा इतिहासकार नगरच्या दरबारातच वाढला, पुढे विजापूरला गेला आणि तिथे बसून त्याने ग्रंथ लिहिला. तो सांगतो की तिने आपल्या भावांना मोठमोठ्या जहागिरी दिल्या आणि त्यावरून सरदार बिथरले. खोटं नसणार. विजापूरकरांनी त्याच काळात पार धारूरपर्यंत हात लांबवून तिथे किल्ला उभा केला, म्हणजे सरदारांच्या रागाला सबळ कारणही होतं. ती निर्दोष होती असं मला म्हणायचं नाही. पण मी तिच्या जागी उभी राहून पाहते तेव्हा दिसतं ते असं. नवरा गेलेला, मुलगा लहान, दरबारात देशी आणि परदेशी सरदारांचे गट एकमेकांच्या जिवावर उठलेले. अशा वेळी बाई भावांकडे बघणार नाही तर कुणाकडे? आजीनेही भावालाच बोलावलं होतं. त्यावरून भावकीत किती वर्षं बोलणी खाल्ली, ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

काही सरदारांनी मुर्तझाला फितवलं की आईला कैद करा आणि राज्य स्वतः करा. त्याने होकार दिला. ठरल्या वेळी ते लोक किल्ल्यात आले, आणि नेमकं तेव्हाच आईने मुलाला काही कामासाठी आत बोलावलं. पोराला वाटलं, आपलं फुटलं. घाबरून त्याने तिला सगळं सांगून टाकलं, हे सरदार तुला धरायला आले आहेत म्हणून. आईने सरदारांना पकडलं. मुलगा सुटला.

मी या प्रसंगापाशी दरवेळी अडखळते. त्या खोलीत ती काय बोलली असेल त्याच्याशी? तिला कळलं नसेल का, की हा आता सांगतोय तो मायेने नाही, भीतीने सांगतोय? तरीही पुन्हा तोच शिक्का, तोच पडदा, सकाळी तोच दरबार.

दुसऱ्या वेळी मात्र तो कचरला नाही. १५६९ च्या सुमारास मोहिमेच्या छावणीत तिला धरलं गेलं. फिरिश्ता लिहितो की ती बुरखा घेऊन घोड्यावर बसली होती, अंगावर शस्त्रं होती आणि धरायला आलेल्या सरदारावर तिने खंजीर उपसला. तो हिसकावून घेतला गेला. त्यानंतर खुंजा हुमायूं इतिहासातून जाते, आणि पोथीतूनही जाते. कुणीतरी रंगात कुंचला बुडवून एकेका पानावर तिला झाकत गेलं. पोथी फाडली असती तर राजाची चित्रंही गेली असती. म्हणून राजा ठेवला आणि ती काढली.

चांदबिबी तेव्हा विजापुरात होती. तिचं लग्न तालिकोटच्या आधीचं, दोन सलतनतींची युती पक्की व्हावी म्हणून अली आदिलशाहाशी लावलेलं. आणि आंदण म्हणून दिला सोलापूरचा किल्ला. यामागेही एक जुनी खुन्नस आहे. १५२४ मध्ये विजापूरची राजकन्या मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं ठरलं होतं म्हणे. दिलं नाही आणि त्यावरून लढाया झाल्या. चाळीस वर्षांनी तोच किल्ला उलट्या बाजूने, नगरच्या लेकीबरोबर विजापूरला गेला. दोन्ही वेळा एक मुलगी आणि एक किल्ला एकाच यादीत.

परंपरा सांगते की तिला फारसी, अरबी, तुर्कीबरोबर मराठी आणि कानडीही येत असे. मला ते पटतं. नगरला वाढलेली, विजापूरला नांदलेली बाई. दासी, माळी, हत्तीचे माहूत, किल्ल्यावरचे गोलंदाज यांच्याशी ती फारसीत थोडीच बोलणार!

१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. मूल नव्हतं. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला आणि त्याला वाढवण्याचं, शिकवण्याचं, त्याच्या नावाने राज्य राखण्याचं काम चांदबिबीकडे आलं. आईचं जे झालं ते तिला माहीत होतं. माहेरी तिच्याच भावाने आईला कैद केलं होतं. ते माहीत असून ती त्याच पडद्यामागे जाऊन बसली. पोटचा मुलगा असता तर म्हटलं असतं की माया. हा तर दिराचा.

विजापूरची ती पहिली वर्षं फार दगदगीची आहेत. कामिलखान कारभारी झाला आणि माजला. तिने किश्वरखानाच्या मदतीने त्याला काढला. मग किश्वरखान माजला. त्याने एका जुन्या सेनापतीचा खून करवला आणि चांदबिबीने जाब विचारला, तेव्हा तिलाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत धाडलं. आपला अजिंक्यतारा. पुढे १७५० मध्ये ताराबाईंनी साताऱ्याच्या गादीवरच्या रामराजाला याच किल्ल्यावर अडकवून ठेवलं. ताराबाईंनीही आधी स्वतःच्या लहान मुलाच्या नावाने राज्य चालवलं होतं, औरंगजेब उरावर बसलेला असताना. त्या डोंगराने कारभारी बायका फार पाहिल्या. मी अजिंक्यताऱ्यावर दोनदा गेले आहे. वर वारा इतका असतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही.

विजापूरच्या हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, सरदारांनी उठाव केला, किश्वरखान पळाला आणि चांदबिबी साताऱ्याहून परत आली. पुढे कारभार दिलावरखानाच्या हाती गेला. तोवर मुलगा मोठा होत होता. हाच तो इब्राहिम आदिलशाह दुसरा, गाण्यात बुडालेला, 'जगद्गुरू' म्हणवून घेणारा सुलतान. त्याच्या गाण्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. नवव्या वर्षी त्याच्याभोवती तलवारी नाचत असताना त्याला जिवंत ठेवलं कुणी, हे मला त्या कौतुकाशेजारी लिहिलेलं हवं असतं.

पुढे विजापूरच्या राजकन्येच्या लग्नाच्या निमित्ताने ती माहेरी आली. माहेर कसलं! १५८८ मध्ये तिच्या भावाला, म्हणजे मुर्तझाला, त्याच्याच मुलाने मारलं. वर्षभरात त्या मुलालाही मारलं. मग इस्माईल, मग तिचा दुसरा भाऊ बुऱ्हाण, मग त्याचा मुलगा इब्राहिम. हा इब्राहिम नगरचा, विजापूरचा नव्हे. १५९५ मध्ये इब्राहिम विजापूरकरांशी लढताना पडला, राज्य हाती येऊन जेमतेम चार महिने झाले असताना. मागे उरला त्याचा तान्हा मुलगा बहादूर.

आता नगरमध्ये चार गट आणि चौघांचे चार सुलतान. मियां मंजू या सरदाराने अहमद नावाचा एक मुलगा गादीवर बसवला, ज्याचं निजामशाही रक्तच संशयाचं. बहादूरला जुन्नरजवळच्या चावंडवर अडकवलं. हबशी सरदार उठले तेव्हा मंजू घाबरला आणि त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, मुरादला, मदतीला बोलावलं. मग पस्तावला आणि अहमदला घेऊन निघून गेला. मुघल फौज दारात, सुलतान गायब. चांदबिबीने किल्ला ताब्यात घेतला आणि चावंडवरच्या त्या तान्ह्या पोराच्या नावाने द्वाही फिरवली. पुन्हा एकदा दुसऱ्याचं मूल. या वेळी भावाच्या मुलाचा मुलगा. ती पंचेचाळिशीची होती.

डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. मुरादबरोबर खानखानान अब्दुर्रहीम होता, शाळेत ज्याचे दोहे आपण पाठ केले तो रहीम. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, हे किल्ल्यातल्यांचं नशीब. हा किल्ला तिच्या वडिलांनी दगडात बांधून काढलेला, १५५९ ते १५६२ मध्ये. मैदानात, डोंगराचा आधार नसलेला, गोल, भोवती रुंद खंदक. त्याचे बुरूज तिने लहानपणी चढताना पाहिले असतील, गवंडी आणि पाथरवट कामाला असताना.

मुघलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एका माणसाने रात्री आत निरोप पोचवला. मग किल्ल्यातल्यांनी आतून खणायला सुरुवात केली. हे मला तलवारीपेक्षा मोठं वाटतं. अंधारात, जमिनीखाली, शत्रूने दारू नेमकी कुठे ठासली आहे त्याचा माग काढत माती उकरायची, आणि सापडली की ती ओंजळीओंजळीने बाहेर काढायची. ठिणगी पडली तर सगळे गेले. दोन सुरुंग असे निकामी केले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच मुघलांनी बत्ती दिली. माणसं उडाली आणि तटाला मोठं खिंडार पडलं. फेब्रुवारी १५९६.

आतले सरदार पळायला लागले. तेव्हा ती बाहेर आली, चिलखत घालून, चेहऱ्यावर बुरखा, हातात तलवार. खिंडारात उभी राहिली. पळणारे थांबले. संध्याकाळपर्यंत मुघलांचे हल्ले होत राहिले आणि परतत राहिले. लोककथा म्हणते, गोळे संपले तेव्हा तिने तोफांतून तांब्याची नाणी उडवली, मग चांदीची, मग सोन्याची, शेवटी स्वतःचे दागिने. ही गोष्ट नंतरच्या काळात लिहिलेली आहे आणि मी ती इतिहास म्हणून सांगत नाही. पण आजीला ती सगळ्यात आवडायची. एका वर्षी बियाण्यासाठी पाटल्या मोडल्या होत्या तिने. पाटल्यांची गोष्ट निघाली की मनगटावर दोन बोटं फिरवायची, आणि म्हणायची, "उडवाया लागतं, बाई. ठेवून काय करती?"

त्या रात्री खिंडार बुजवलं. मशालींच्या उजेडात दगड, माती, जे मिळेल ते. सकाळी मुघलांनी पाहिलं तर भिंत पुन्हा चढायची होती. सय्यद अली तबातबाई हा इतिहासकार त्या वेढ्याच्या काळात नगरमध्येच होता. तिची लढाई त्याच्या डोळ्यांसमोर झालेली.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपायची. खरं तर इथून पुढचं काम जास्त कठीण होतं. धान्य संपत आलं होतं. विजापूरची फौज घेऊन सुहेलखान मदतीला निघाला होता, पण पोचला नव्हता. मुघलांनाही वैरण मिळत नव्हती. तिने तह केला. वऱ्हाड दिला आणि त्याबदल्यात नगरच्या गादीवर बहादूरला मान्यता घेतली. वऱ्हाड म्हणजे काही चार गावं नव्हेत. वीस-बावीस वर्षांपूर्वी मुर्तझाने जिंकलेला अख्खा सुभा. तो देताना दरबारात तिला कुणी काय काय ऐकवलं असेल! तरीही तिने हिशेब मांडला: घर आणि पोरगा राहायचा असेल तर हे शेत जाणार. मला तिचा मोठेपणा या हिशेबात जास्त दिसतो. तलवार संध्याकाळपर्यंतची होती. हा निर्णय तिला पुढे रोज उशाला घेऊन झोपावं लागणार होतं.

चारच वर्षं मिळाली. त्यात पुन्हा तेच. ज्याला कारभारी नेमलं तो महंमदखान उलटला. त्याला काढायला तिने इब्राहिम आदिलशाहाकडे मदत मागितली, ज्याला तिने लहानाचा मोठा केला होता. त्याने फौज पाठवली. या एवढ्या मोठ्या कथेत तिच्या वाट्याला परत आलेलं कुणाचं देणं असेल तर ते हे एक. मग आभंगखान कारभारी झाला आणि तोही उलटला, तिलाच किल्ल्यात कोंडायला निघाला. मुघलांशी पुन्हा लढाई जुंपली आणि १५९७ मध्ये गोदावरीकाठी सुहेलखान हरला. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला येऊन बसला आणि त्याचा आणखी एक मुलगा दानियाल नगरवर चालून आला. आभंगखान जुन्नरकडे पळाला.

चांदबिबीने पुन्हा हिशेब मांडला. फौज नाही, मदत येणार नाही. किल्ला अटींवर द्यावा, पोराला घेऊन जुन्नरला जावं. तिथले डोंगर, तिथले किल्ले, तिथून पुढचं पुढे. ज्याच्याशी तिने हे बोलून पाहिलं तोच बाहेर जाऊन ओरडला, की बेगम मुघलांना सामील झाली, किल्ला विकते आहे. जमाव तिच्या महालात शिरला आणि तिला मारलं. चार वर्षांपूर्वी खिंडारात जिच्याकडे बघून माणसं थांबली होती, तिला.

ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. पुन्हा सुरुंगानेच. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं. पाच-सहा वर्षांचं पोर. निजामशाही मात्र लगेच संपली नाही. आभंगखानाच्या हाताखाली असलेला एक हबशी, मलिक अंबर, त्याने निजामशाही घराण्यातला दुसरा एक वारस गादीवर बसवून परांड्याहून ती पुन्हा उभी केली आणि अजून छत्तीस वर्षं ती टिकली. डोंगरी किल्ल्यांचा आसरा घ्यायचा, गादीवर वारस ठेवायचा, मुघलांना दमवायचं. चांदबिबी बोलली म्हणून मेली ते साधारण हेच होतं.

तिची चित्रं मी शोधून शोधून पाहिली. खूप आहेत. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत दख्खनी चित्रकारांनी ती पुन्हा पुन्हा काढली. घोड्यावर स्वार, एका हातावर बहिरी ससाणा, घोड्याबरोबर धावणारे कुत्रे आणि सेवक. कुणीही तिला पाहिलेलं नव्हतं. आईचं चित्र तिच्या हयातीत, तिला रोज पाहणाऱ्या दरबारात काढलं गेलं आणि झाकलं गेलं. मुलीचं, तिला कधीच न पाहिलेल्यांनी काढलं. मी दोन्ही प्रतिकृती टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. ससाणावाली आणि डागवाली. घरी येणारे विचारतात तेव्हा मी आधी डागाची गोष्ट सांगते.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे. चौंडीच्या अहिल्याबाई आमच्याच जिल्ह्याच्या, त्यांच्याही आयुष्यात नवरा आधी गेला आणि मग मुलगाही गेला. पाट्या बदलल्या आहेत. एसटीतली जुनी माणसं अजून नगरच म्हणतात. महाल चांदबिबीचाच राहिला आहे.

गेल्या वर्षी बाबांना शेताची वाटणी कागदावर आणायची होती म्हणून मी जुने फेरफार काढले. बाबा तीन वर्षांचे असताना आजोबा गेले. त्या वेळच्या फेरफारात वारस म्हणून बाबांचं नाव आहे, आणि नावापुढे तीन अक्षरं: अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. त्यापुढे 'आई' आणि आजीचं नाव. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालचं मूल अज्ञान असतं, आणि जो त्याची जमीन त्याच्या नावाने राखतो तो अज्ञान पालन कर्ता. पंधरा वर्षं आजी त्या तीन अक्षरांच्या आधाराने उभी होती. विहिरीचं कर्ज तिने काढलं, बांधाची भांडणं तिने निस्तरली, शेतसारा तिने भरला, पाटल्या तिच्या मोडल्या. पावती बाबांच्या नावाची.

मग १९६७ चा फेरफार. मुलगा सज्ञान झाल्याने अ. पा. क. शेरा कमी केला. जुन्या सातबारावर आजीच्या नावाला कंस झालेला आहे. तलाठ्यांच्या भाषेत नाव कमी झालं की त्याला कंस होतो. मी तो कंस पाहिला आणि मला पोथीतला तो डाग आठवला. मला राग आला. कुणी केलं हे, भावकीतल्या कुणी का, असंच आधी मनात आलं. मी बाबांना फोन करून विचारलं.

बाबा म्हणाले, "वर्दी कुणाची आहे बघ."

मी खाली पाहिलं. वर्दी देणार, आजीचं नाव. ती स्वतः गेली होती तलाठ्याकडे. बाबांनी सांगितलं की ते तिला म्हणत होते, राहू दे ना नाव, काय बिघडतं. पण बाबांना अठरावं लागलं त्याच आठवड्यात ती बैलगाडीने गेली. जाताना नेसलेलं लुगडं हिरवट होतं, इतकं त्यांना आठवतं. परत येऊन म्हणाली, "तुझं तुझ्या नावावर केलं बाबा. आता निजते." आणि भर दुपारी निजली, जे तिने त्याआधी कधी केलं नव्हतं.

नावाखाली 'निशाणी अंगठा' लिहिलं आहे आणि बाजूला अंगठा. शाई जरा जास्त लागलेली, एका कडेला पसरलेली. पण मधल्या रेषा स्पष्ट आहेत. भिंग लावलं तर एक आडवा व्रणही दिसतो, विळ्याचा.